नऊ वर्षांच्या मुलाला इलेक्ट्रिक डर्ट बाईक, मामा मस्कतहून पाठवतोय. साईज कशी ठरवायची?

आगरवाली_गुहागर

नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. घराला लागून माड-पोफळीचं आगर आहे आणि वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, काजूची कलमं. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी साडेपाच. मुलाने कुठलेतरी परदेशी व्हिडिओ बघून इलेक्ट्रिक डर्ट बाईकचा ध्यास घेतलाय. घरात कुणी दाद देईना, तेव्हा त्याने थेट मामाला फोन लावला. भाच्याने मागितलं आणि मामा नाही म्हणाला, असं आमच्या माहेरी अजून घडलेलं नाही.

भावाने रेझर कंपनीची एमएक्स ६५० पसंत केलीय. म्हणतो, "ताई, घ्यायची तर मोठीच घेऊ. दोन वर्षांत लहान होणाऱ्या वस्तूवर पैसे कशाला घालायचे? आता जरा उंच वाटेल, पण पोरगा वाढतोच आहे." सासूबाई म्हणतात, आधी त्याला सायकल नीट येऊ दे. (सायकल येते त्याला. पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, ब्रेक न लावता उतरतो, हा त्यांचा खरा राग आहे.) नवरा "बघू" म्हणाला, म्हणजे ठरवायचं मी.

मला कळत नाहीय ते असं. वय बघायचं की उंची? ऑनलाईन एकाच गाडीवर एक दुकानदार "७+" लिहितो, दुसरा "१० ते १५". वॉटचे आकडे तर २५० पासून १००० पर्यंत दिसतात, त्यातलं मुलाला किती पुरे? एकाच गाडीत दोन्ही मुलांचं भागेल का? आणि चालवणार कुठे, तर आगरात माडांच्या आळ्यांतून वाट काढावी लागेल. समोर पुळण आहे, ओहोटीला वाळू कडक असते, तिथे मोकळं मैदानच मिळतं. सड्यावरही जागा आहे.

"मुलांना मोबाईलच देऊ नका" हा सल्ला कृपया नको. तो घरात रोज मिळतो.

रिकामटेकडा_देवगड

मस्कतच्या मामाला आणखी एखादा भाचा चालेल का विचारा, माझाही आठचा आहे. गंमत सोडा ताई, साईजचं जाणकार सांगतील, पण वाढेल म्हणून मोठी घेऊ नका. आमच्या शेजारच्यांनी तशी सायकल घेतली होती. ती अजून माळ्यावर आहे आणि मुलगा कॉलेजात.

गॅरेजवाला_चिपळूण

ताई, माझं दुचाकीचं गॅरेज आहे. पोट स्कूटरवर चालतं, पण हल्ली मे महिन्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे मुलांच्या बॅटरीच्या गाड्या घेऊन येतात आणि इथे मोडतात. त्यामुळे त्या माझ्या हाताखालून जातात.

आधी भावाला थांबवा. एमएक्स ६५० वर कंपनीनेच वय १६ च्या पुढे असं लिहिलंय. वेग ताशी २७ किलोमीटर, १०० किलोच्या माणसाला झेपेल अशी बांधणी, आत शिशाच्या बॅटऱ्या, गाडीचं स्वतःचं वजन चाळीस किलोच्या वर. तुमचा मुलगा पंचवीस-सव्वीस किलोचा असेल. ती अंगावर आडवी झाली तर त्याला उचलता येणार नाही, पाय खाली अडकला असेल तर तोही ओढून काढता येणार नाही, आणि तुम्ही असाल स्वयंपाकघरात. त्याच कंपनीची एमएक्स ३५० फोटोत खेळण्यासारखी दिसते. तिच्यावरही वय १३ च्या पुढे आहे. विकणारा "७+" लिहितो ते त्याच्या पदरचं. डब्यावर आणि मॅन्युअलात काय छापलंय तेवढंच धरा.

शाळेचा युनिफॉर्म आपण वाढत्या अंगाचा शिवतो, खाली दुमड ठेवतो आणि दोन वर्षं ओढतो. गाडीच्या सीटला अशी दुमड नसते. नवशिक्या मुलाचा हातातल्या ब्रेकवर अजून भरवसा बसलेला नसतो. तोल गेला की ते पाय टाकतं. पाय पोचला नाही की आडवं होतं, दोन-चारदा आडवं झालं की घाबरतं, आणि मग गाडी पडवीत झाकून ठेवली जाते.

तेव्हा वय सोडा, पायाचं माप घ्या. शिंपी पॅण्टीसाठी आतून घेतो तेच. मुलाला बूट घालून भिंतीला पाठ लावून उभं करा, पावलांत वीतभर अंतर. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मधून वर सरकवा, सीटवर बसल्यासारखं टेकेपर्यंत. पुस्तकाची वरची कड ते जमीन, हे माप. गाडीच्या सीटची उंची या मापापेक्षा चार-पाच सेंटीमीटर कमी हवी. म्हणजे बसल्यावर दोन्ही टाचा टेकतात आणि गुडघ्यात किंचित बाक राहतो. सराव झालेलं मूल नुसत्या चवड्यांवरही सांभाळतं, पण तुमचा अजून त्यातला नाही. "सस्पेन्शन आहे, बसलं की सीट खाली जाते" असं दुकानदार म्हणाला, तर मुलाला बसवून दाखव म्हणा. पंचवीस किलोला ती फारशी दबत नाही.

नमुना म्हणून स्टेसिकचं कोष्टक बघा. ही अमेरिकन कंपनी मुलांच्याच गाड्या करते, २०१९ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने ती विकत घेतली. त्यांच्या १२ इंची चाकाच्या गाडीची सीट साधारण ३३ सेंटीमीटरवर, आणि पायाचं माप ३६ ते ५१ असलेल्या मुलासाठी. १६ इंची चाकाची सीट ४३ वर, माप ४६ ते ६१. दोन्हींना मुलाचं वजन ३४ किलोपर्यंत. तुम्ही हीच घ्या असं नव्हे, पण जी कंपनी असं पायाचं माप छापते तिने मुलांचा विचार केलाय असं मी धरतो. नुसतं वय छापणारीचं मला काही कळत नाही.

पाय झाला की हात बघा. ब्रेकच्या लिव्हरवर बोटांची दुसरी पेरं वळायला हवीत. नुसती टोकं पोचत असतील तर जोर लागणार नाही. बऱ्याच लिव्हरना बुडाशी बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर मुठीजवळ येते. दुकानात हे कुणी करून देत नाही, मागून घ्यावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायला पिळायची मूठ. मूल घाबरलं की मूठ आवळतं. गाडी पुढे उसळते तसं अंग मागे जातं, मनगट खाली ओढलं जातं आणि थ्रॉटल आणखी उघडतो. मूल थेट गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर. पेट्रोलची गाडी निदान आवाज करते, मुलाला कळतं की ती चालू आहे. ही गप्प उभी असते, आणि मोटर जागेवरूनच सगळा जोर लावते. म्हणून वेगाची पायरी आई-बापाला कुलूपबंद करता येते का ते बघा. सुरुवात ताशी आठ-दहा किलोमीटरवर, म्हणजे तुम्ही बाजूने धावू शकाल इतकीच. दुसरं, मनगटाला दोरी बांधायचा किल-स्विच. मूल पडलं की दोरी सुटते आणि मोटर बंद. काही गाड्यांत नसतो, तर मी बसवून देतो, फार मोठं काम नाही.

वॉटवरून साईज ठरत नाही. तुमच्या मुलाच्या वजनाला सड्यावरच्या चढालाही ३५० पुष्कळ झाले. हजार वॉटची गाडी वेग बांधून दिली तरी जड ती जडच. बॅटरी किती वेळ टिकेल हे बघायचं असेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॉट-अवर. दोन गाड्यांची तुलना या आकड्यावर होते, "४० किलोमीटर रेंज" या जाहिरातीवर होत नाही.

मामासाठी एक. लिथियम बॅटरी १६० वॉट-अवरच्या वरची असेल तर प्रवाशाच्या सामानात चालत नाही, ना केबिनमध्ये ना चेक-इनला. गणपतीला येताना बॅगेबरोबर आणीन असा त्याचा बेत असेल तर मस्कतच्याच विमानतळावर ती काढून ठेवतील. कार्गोने आली तरी उद्या कंट्रोलर जळला, चार्जर गेला, तर पार्ट कुठून आणायचा? इथे मिळणारी घ्या आणि मामाकडून पैसे घ्या.

किनारा_आंजर्ले

पुळणीचा विचार डोक्यातून काढा. कासवांच्या कामात असते म्हणून सांगते. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला वर येतात. वेळास, आंजर्ले, तुमचं गुहागर, सगळीकडे. अंडी फूट-दीड फूट वाळूखाली असतात, वरून काही दिसत नाही. पिल्लं बाहेर यायला पन्नास-पंचावन्न दिवस लागतात, म्हणजे एप्रिल-मेपर्यंत हे चालू असतं, नेमकं मुलांच्या सुट्टीत. आम्ही सापडलेली घरटी हॅचरीत हलवतो, पण प्रत्येक घरटं सापडतंच असं नाही. चाकाचे चर पडले की बोटाएवढी पिल्लं त्यात अडकतात आणि पाण्यापर्यंत जाण्याऐवजी चरातूनच आडवी चालत राहतात. कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, हेही घरी सांगून ठेवा.

किनाऱ्यावर गाडी घातल्याबद्दल पोलीस गुन्हे नोंदवतात. वाळूत रुतून भरतीत गेलेल्या मोटारींचे फोटो आपण दर दिवाळीच्या सुट्टीत बघतोच, तरी पुढच्या वर्षी नवा कुणीतरी असतोच.

सडा चालेल, तुमची स्वतःची जागा आहे म्हणून. परक्या सड्यावर मात्र मुलांना सोडू नका. रत्नागिरी-राजापूरकडच्या कातळांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि गवत वाढलं की जवळ उभं राहूनही दिसत नाहीत.

गॅरेजवाला_चिपळूण

आंजर्ल्याच्या ताईंनी कासवांचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो. ओल्या वाळूतून आलेली गाडी नुसती पुसून ठेवली तर चेन आठवड्यात लाल होते, बेअरिंग कुरकुरायला लागतं आणि कनेक्टरच्या पितळेवर हिरवा थर धरतो. लहान चाक वाळूत रुततं. मूल थ्रॉटल पिळत राहतं, चाक जागेवर फिरतं, मोटर तापते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी याच. जांभ्याची लाल धूळ त्या मानाने परवडली.

डॉक्टर_दापोली

मी बालरोगतज्ज्ञ. गॅरेजवाल्या दादांनी मापाचं चांगलं सांगितलं, पण एक गोष्ट नीट कानावर घालते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका अशी आहे की अशी ऑफ-रोड वाहनं १६ वर्षांखालच्या मुलांनी चालवूच नयेत. तुम्ही सगळं वाचून ठरवाल, तेव्हा हेही वाचलेलं असावं.

घेणारच असाल तर हेल्मेट गाडीच्या आधी घ्या, आणि तेही आजच्या मापाचं. भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवा, डोक्याचा घेर सेंटीमीटरमध्ये लिहा आणि त्या कंपनीच्या चार्टशी ताडा, कारण एका कंपनीचं 'मीडियम' दुसरीचं 'स्मॉल' असतं. घातल्यावर हेल्मेट धरून हलवा. कपाळाची कातडी त्याबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट नुसतंच फिरलं तर मोठं आहे. हनुवटी झाकणारं हवं, आयएसआय खुणेचं. मोठ्यांचं हेल्मेट मुलाला देऊ नका, त्याच्या मानेला ते जड होतं.

गुडघे, कोपरं आणि हातमोजे हवेतच. जांभ्यावर पडलेलं मूल माझ्याकडे येतं तेव्हा तळहात किसलेले असतात आणि जखमेत लाल माती भरलेली. धनुर्वाताचे डोस तपासा. पाच-सहा वर्षांचा बूस्टर झालाय का ते कार्डावर बघा, पुढचा दहाव्या वर्षी असतो.

माडाखाली चालवायची तर नारळ उतरवून झाल्यावर. हे विनोदाने म्हणत नाही.

काळाकोट_रत्नागिरी

थोडक्यात कायदा. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत अशी मान्यता मिळालेली बॅटरीची दुचाकी मोटार वाहन धरली जात नाही. त्याच्या वरची रस्त्यावर आली की नोंदणी, लायसन्स सगळं लागतं, आणि या डर्ट बाईकची नोंदणी होतच नाही. अल्पवयीन मुलगा सार्वजनिक जागी सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९९अ पालकावर येतं: २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. तुमच्या गडग्याच्या आत काय करता तो तुमचा प्रश्न. फाटकाबाहेरची पाखाडी आणि ग्रामपंचायतीचा रस्ता सार्वजनिकच. आगरातून सड्यावर जायला मध्ये रस्ता ओलांडावा लागत असेल तर गाडी बंद करून ढकलत न्या. मोठ्या माणसाने.

आगरवाली_गुहागर

सगळ्यांचे आभार. पुळण रद्द. मुलगा थोडा रुसला, पण कासवांच्या पिल्लांचं सांगितल्यावर त्यानेच बहिणीला तंबी दिली की तिकडे जायचं नाही.

मापं घेतली. मुलाचं बूट घालून ५८ सेंटीमीटर, वजन २६. मुलीचं ४७, वजन १७. मुलगी हट्टाने पुन्हा पुन्हा उभी राहते आणि चवडे उंचावते, त्यामुळे तिचं थोडं कमीच धरा.

भावाला १६ वर्षांचं आणि विमानाचं दोन्ही सांगितलं. १६ वर्षांवर तो "कंपन्या असंच लिहितात" म्हणाला. बॅटरी विमानतळावर काढून ठेवतील म्हटल्यावर लगेच पटलं. पैसे पाठवतो म्हणतोय. नवऱ्याने आता हिरोच्या विडा या इलेक्ट्रिक ब्रँडची नवी डर्ट.ई के३ शोधून काढलीय, त्याने स्वतःहून शोधलं याचंच मला नवल. तिची सीट वर-खाली होते म्हणे, मग दोघांचं भागेल ना? आणि पावसाळ्याचे चार महिने तिचं काय करायचं?

गॅरेजवाला_चिपळूण

ती डिसेंबर २०२५ मध्ये आली, चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी. सीट साधारण ४५ पासून ६३ सेंटीमीटरपर्यंत तीन टप्प्यांत बदलते, वेगाच्याही तीन पायऱ्या आहेत, सगळ्यात वरची ताशी २५. वजन बावीस किलोच्या आसपास, म्हणजे तुमचा मुलगा जोर लावून उभी करेल. मधला टप्पा ५४ चा आहे. ५८ च्या पायाला टाचा जेमतेम टेकतील, म्हणून पहिले काही दिवस खालच्याच टप्प्यावर ठेवा. गुडघे जरा जास्त वाकतील, वाकू देत. तिथून वरचे दोन टप्पे त्याला वाढायला शिल्लक राहतात. मामाला हवं होतं तेच झालं, फक्त खालून वर.

स्टेसिकची १६ त्याला आज बसेल, पण ५८ म्हणजे तिच्या ६१ च्या मर्यादेजवळच आलं. वर्षभरात गुडघे हँडलला लागतील.

दोघांचं एकात भागवू नका. मुलीला खालच्या टप्प्यावर ४५ ची सीट येते आणि तिचं माप ४७, त्यातही चवडे उंचावून. टाचा टेकणार नाहीत. शिवाय बावीस किलोची गाडी सतरा किलोच्या पोरीला कशी द्यायची? दर वेळी टप्पा बदलायचा तर आज एक नट राहील, उद्या पान्हा आगरात हरवेल. तिची जुनी सायकल आहे ना? तिचे पेडल काढा, सीट खाली करा आणि तिला पायाने ढकलत चालवू द्या. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. ते नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलात तर आणखी आवळेल, आणि सायकल माझ्याकडे आणावी लागेल. तोल आला की मग तिची गाडी.

मुलालाही पहिल्या दिवशी बॅटरी बंद ठेवून खळ्यात गाडी नुसती ढकलायला लावा. वळवायला, स्टँडवर लावायला, आडवी पाडून उचलायला. त्याला कंटाळा येईल, येऊ दे. नंतर दोन नारळ ठेवून त्यांच्या मधोमध थांबायला सांगा. चालवायला कुणालाही येतं, थांबायला शिकवावं लागतं.

पावसाळ्यात लिथियम बॅटरी गाडीतून काढा. निम्मी भरलेली असताना ठेवा, म्हणजे ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये. पूर्ण भरून नको, पूर्ण रिकामी तर मुळीच नको. कोरडी खोली, चुलीपासून लांब, आणि मधून मधून बघून खाली गेली असेल तर पुन्हा निम्म्यावर आणा. शिशाची बॅटरी असती तर उलट, पूर्ण भरून ठेवायची आणि महिन्याला चार्ज करायची. कनेक्टरना इलेक्ट्रिकलचं ग्रीस लावा, खाऱ्या हवेत तेवढाच आधार. चालवून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, गार होऊ दे. रात्रभर लावून झोपू नका. वीज गेली-आली तर काही बिघडत नाही, पण त्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनला दाखवून घ्या, जुन्या घरांत नसतं. धुताना प्रेशरचा पाईप नको, बालदी आणि फडकं पुरे.

शोरूमला गाडी ठेवलेली आहे का ते आधी फोन करून विचारा, नाहीतर फेरी फुकट जाते. जाताना टेप घेऊन जा, सीट स्वतः मोजा. आणि मुलगा चपलांवर निघेल, त्याला बूट घालून न्या.